जुनं लेथ आणि त्याचा चक: घाण काढा, माप काढू नका

खानदेशात जुनं लेथ, म्हणजे लोखंड गोल फिरवत टूलनं कापणारं यंत्र, शोधायला लांब जावं लागत नाही. एखाद्या जिनिंगच्या आवारात, बंद तेलगिरणीच्या मागच्या खोलीत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात रिकाम्या बॅरलांच्या आड, कुठेतरी एखादं उभं असतंच. कापूस, सरकी, डाळ, केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या मोटारी, या सगळ्याला शाफ्ट आणि बुश लागतात. म्हणून चोपडा, रावेर, शिरपूर, शहादा, चाळीसगाव अशा प्रत्येक तालुक्याच्या गावात टर्नर होते आणि आजही आहेत. मागच्या पिढीतली बहुतेक लेथ बटाला किंवा राजकोटची, पट्ट्यावर चालणारी, कोन पुलीची (वेग बदलायला पायऱ्या असलेल्या चाकाची). नशीब चांगलं असेल तर हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं मिळतं. मालक जागेला वैतागलेला असतो. ‘भो, हाई लई जा, जागा मोकळी करी दे,’ म्हणतो आणि भंगाराचा भाव सांगतो.

अशा लेथचं तीस-चाळीस वर्षांच्या कामानं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं दोन दिवसांच्या उत्साही साफसफाईनं होतं. हातग्राइंडरला वायर ब्रश किंवा फ्लॅप डिस्क लावून बेड (सॅडल, टेलस्टॉक ज्यावर सरकतात ते बिडाचं लांब अंग) आरशासारखा केला, वरून हिरवा रंग मारला, की लेथ फोटोत झकास दिसतं आणि कामाला लावल्यावर टेपर काढतं, म्हणजे रॉड एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक येतो. खाली जो क्रम दिला आहे त्यात कोणत्या भागाला काय लावायचं यापेक्षा कोणत्या भागाला काय लावायचं नाही, यावर जास्त जोर आहे.

घ्यायच्या आधी

सोबत चिंधी, थोडं डिझेल, एक डायल इंडिकेटर (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं माप), चुंबकी स्टँड आणि लांब लाकडी दांडा न्या. बेडवरची घाण चकजवळच्या (चक म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग) फूटभर भागात पुसा आणि नखानं आडवं चाचपा. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) जिथे रोज फिरतं आणि जिथे कधीच पोचत नाही, त्या दोन भागांच्या सीमेवर पायरी लागते. नखाला जेमतेम जाणवली तर चालेल. नख अडकत असेल तर तो बेड ग्राइंडिंगला न्यावा लागेल, आणि तो खर्च लेथच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. आणखी एक सोपी खूण आहे. सॅडल चकजवळ आणून गिब पट्टी (सरकत्या भागाची ढिलाई घेणारी पट्टी) इतकी आवळा की ते जेमतेम सरकेल. मग टेलस्टॉककडे, म्हणजे चकच्या समोरच्या टोकाकडे, न्या. तिकडे जाम होत असेल, तर चकजवळ बेड तेवढा घासला गेला आहे.

स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) नाकावर डायल टेकवा, चकखाली लाकडी दांडा घालून हलकं उचला. काटा ०.०५ मिमीच्या आत हलला तर बुश किंवा बेअरिंग आवळून भागेल. त्याहून जास्त असेल तर बुश नवा करावा लागेल हे धरून भाव करा.

मग गिअर मोजा. स्पिंडल ते लीड स्क्रू (आटे काढताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इथपर्यंतचे बदलायचे गिअर बहुतेक वेळा कुठल्या तरी डब्यात असतात किंवा केव्हाच भंगारात गेलेले असतात. जुन्या लेथचा लीड स्क्रू इंचाच्या हिशेबाचा, बहुधा इंचाला ४ आट्यांचा असतो. त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक काढायला १२७ दातांचा गिअर लागतो, कारण २५.४ ला ५ नं गुणलं की १२७ येतात. हा गिअर सोबत मिळाला तर मालकासमोर आनंद दाखवू नका. चार जॉचा (जॉ म्हणजे चकचे पकडणारे जबडे) चक, फेसप्लेट (काम बोल्टनं बांधायची सपाट चकती), स्टेडी (लांब कामाचा आधार) आणि चकच्या चाव्या यांचीही चौकशी आत्ताच करा. नंतर त्या ‘सापडत नाहीत’.

बॅक गिअरचा (वेग कमी करणाऱ्या गिअरजोडीचा) तुटलेला दात दुरुस्त होतो. हेडस्टॉकच्या, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या खोक्याच्या, बिडाला तडा जाऊन वेल्डिंग केलं असेल तर मात्र सोडून द्या.

उचलणं आणि आणणं

हलकं सहा फुटी लेथसुद्धा पाच-सहाशे किलोंच्या आसपास भरतं आणि सगळं वजन हेडस्टॉककडे असतं. सॅडल आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला सरकवून आवळून टाका, म्हणजे तोल मध्याकडे येतो. पट्टा बेडच्या खालून घ्या. लीड स्क्रू, फीड रॉड किंवा स्पिंडल यांच्यावर दोर आला की ते वाकलेच. चेन ब्लॉक नसेल तर जुन्या पाइपांच्या तुकड्यांवर पहारीनं ढकलत नेणं चांगलं. घाई करणारा माणूस या कामावर ठेवू नये.

पहिली साफसफाई

जिनिंगमधल्या लेथवर एक खास थर असतो. हवेतली रुई तेलावर बसते, तेल पिते, वर बिडाचा भुगा धरते आणि वर्षानुवर्षांत काळ्या नमद्यासारखी घट्ट होते. बाहेरून ती लेथचं रक्षण करते असं वाटतं, पण पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि नेमका तिच्याखाली गंज असतो. हा थर आधी कोरडाच काढा. लाकडाची पाचर किंवा पितळी पट्टी वापरा, छिन्नी नको. कोरडा थर निघाला की मग डिझेल आणि रंगाचा जुना ब्रश. रॉकेल मिळालं तर उत्तम, पण आता कुठे मिळतं? पेट्रोल वापरू नका. गाडी धुण्याचा पाण्याचा प्रेशर पंप तर अजिबात नको. तो भुगा बेअरिंगमध्ये आणि सॅडलखाली नेऊन बसवतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. डिझेलमध्ये भिजलेली रुई आणि चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि त्या दिवशी शेडमध्ये बिडी-सिगारेट बंद. दुसरी, जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवायची नाही. रंग काढायचाच असेल तर पेंट रिमूव्हर लावून ओला खरवडा, मास्क लावा आणि जेवणाआधी हात साबणानं धुवा.

खोलायचा क्रम

प्रत्येक भाग सुटण्याआधी मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढा. नट-बोल्ट ज्या भोकातले त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवणं ही सगळ्यात चांगली पिशवी. आधी टेलस्टॉक, मग टूल पोस्ट आणि कंपाउंड, मग क्रॉस स्लाइड, त्यानंतर लीड स्क्रू आणि फीड रॉडचे शेवटचे ब्रॅकेट, एप्रन (सॅडलच्या पुढची गिअरची पेटी), शेवटी सॅडल. एप्रनच्या खाली फळी आणि लाकडी ठोकळे लावूनच त्याचे बोल्ट सोडा.

ब्रॅकेट, लिव्हर आणि कॉलर यांत टेपर पिना असतात. पिनेची दोन्ही टोकं आधी एमरीनं पुसून नीट बघा. बारीक टोकाकडून ठोकली तर एका ठोक्यात सुटते, जाड टोकाकडून ठोकली तर आणखी घट्ट बसते आणि तिचं डोकं फुलतं. फुलली तर ड्रिल करून काढावी लागते, आणि मग भोक रीम करून एक नंबर मोठी पिन घालावी लागते. हा खटाटोप पाच मिनिटं भिंग घेऊन बसल्यानं वाचतो.

हेडस्टॉक मात्र बेडवरून उतरवू नका. गिअर, शाफ्ट, स्पिंडलसुद्धा गरज असेल तर काढा, पण बिडाचं खोकं जागच्या जागी राहू द्या. ते बेडशी ज्या रेषेत बसवलं आहे ती रेषा घरच्या साधनांनी परत मिळवणं फार अवघड आहे. ‘पूर्ण खोलून साफ केलं’ असं सांगायची हौस इथे महागात जाते.

गंज

वरवरच्या लाल गंजाला डिझेल आणि भांडी घासायची हिरवी घासणी पुरते. डाग उठलेल्या जागी दाढीची पत्ती जवळजवळ सपाट धरून खरवडा. पत्ती बिडापेक्षा फार कठीण असली तरी त्या कोनात ती गंजाचा फुगवटाच उचलते.

हँडल, गिअरची झाकणं, टूल पोस्ट, बोल्ट अशा सुट्या भागांसाठी दोन उपाय आहेत. एक मळी किंवा स्वस्तातली काकवी. एक भाग काकवी आणि नऊ भाग पाणी प्लास्टिकच्या ड्रममध्ये घ्या, भाग बुडवा आणि आठवडाभर तरी विसरा. वास सुटतो, माश्या येतात, ड्रम घरापासून लांब ठेवा. बिडाचे भाग यात महिनाभर राहू देऊ नका, वरचा थर मऊ पडतो. ॲल्युमिनियम तर घालूच नका.

दुसरा उपाय विजेचा. प्लास्टिकच्या टबात पाणी, दर लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, आणि जुन्या पद्धतीचा १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग काळ्या म्हणजे ऋण वायरला, बाहेरच्या बाजूला ठेवलेली बांधकामाची सळई लाल वायरला. दोन्ही एकमेकांना लागता कामा नयेत. काही तासांत गंज काळा होऊन सुटतो. सळईऐवजी स्टेनलेस स्टील कधीच वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि ठिणगीपासून लांब करायचं. भाग हलवण्याआधी चार्जर बंद करा. स्प्रिंग आणि कडक केलेले भाग यात घालायचे नाहीत, ते ठिसूळ होऊ शकतात. बाहेर काढल्याबरोबर धुऊन, पुसून, उन्हात तापवून तेल लावा. मे महिन्यातलं जळगावचं ऊन या एका कामाला फार उपयोगी आहे.

संडास साफ करायचं ॲसिड वापरायचा सल्ला कुणीतरी देईलच. गंज मिनिटांत जातो, हे खरं. पण त्याची वाफ शेडमधल्या प्रत्येक चकाकत्या लोखंडावर बसते, आणि सकाळी व्हर्नियरपासून ड्रिलपर्यंत सगळं तांबूस झालेलं असतं.

बेड

बेडवर पॉलिश पेपर चालवायचा नाही. त्याचे कण बिडाच्या छिद्रांत रुततात आणि पुढची कित्येक वर्षं सॅडलचा तळ घासत राहतात. बेडच्या पाठीवर चंद्रकोरीसारख्या किंवा चौकड्यांच्या खुणा दिसल्या तर आनंद माना. त्या स्क्रेपरच्या आहेत, तेल धरून ठेवायला केलेल्या. त्या घालवायच्या नाहीत.

चक पडल्याने किंवा पाना आपटल्याने जे टवके उठलेले असतात, त्यांच्या कडा मूळ पातळीच्या वर आलेल्या असतात. सपाट ऑइल स्टोन डिझेलमध्ये भिजवून अशा जागी हलक्या हातानं फिरवा. दगड वर आलेल्या जागेवर करकरतो, पातळीत आला की गुळगुळीत सरकायला लागतो. तो आवाज बदलला की थांबायचं. खड्डा राहिला तर राहू द्या. खड्ड्यानं काम बिघडत नाही, उंचवट्यानं बिघडतं.

सॅडलच्या दोन्ही टोकांना वायपरचे नमदे असतात, ते दगडासारखे झालेले असतील. नवा जाड नमदा कापून तेलात बुडवून लावा. स्वस्त आणि सोपं काम आहे, तरी नव्वद टक्के लोक हे सोडतात.

हेडस्टॉक

जुन्या लेथमध्ये स्पिंडल गनमेटलच्या बुशात फिरतो, थोड्या नव्यांत टेपर रोलर बेअरिंग असतात. बुशवाल्यात पहिलं काम तेलाच्या वाटा उघडण्याचं. तेलाच्या कपांत कुणीतरी कधीतरी ग्रीस भरलेलं असतं. ते सुकून मेणासारखं होतं आणि खाली तेल उतरतच नाही. तांब्याच्या तारेनं भोक मोकळं करा, डिझेल सोडा, खालून टिपकतं का बघा. वात असेल तर नवी घाला.

बुश आवळताना थोडं थोडं आवळत स्पिंडल हातानं फिरवत राहा. पट्टा काढलेला असताना तो एका हातानं सहज फिरला पाहिजे आणि दांड्यानं उचलल्यावर डायलचा काटा ०.०२ ते ०.०३ मिमीच्या आसपास हलला पाहिजे. मग कमी वेगावर अर्धा तास चालवा. बुशवर हात ठेवता येईल इतपत कोमट झालं तर ठीक. हात काढून घ्यावा लागला तर किंचित सैल करा.

चक

या भागाला सावकाश वेळ द्या. जुन्या लेथवर ‘आउट येतो’ (काम मध्यावर न फिरता डोलतं) म्हणून जे खापर स्पिंडलवर फुटतं, त्यातलं निम्म्याहून जास्त चकच्या आतल्या घाणीचं असतं.

आधी चक उतरवायचा. आट्याच्या स्पिंडलवर तो वर्षानुवर्षं घट्ट बसलेला असतो. बेडवर फळी टाका, कारण २०० मिमीचा चक पंधरा किलोंच्या पुढे भरतो आणि पडला तर बेड आणि बोट दोन्ही गेली. बॅकप्लेट (चक ज्यावर बसतो ती मागची चकती) आणि स्पिंडलच्या सांध्यात पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी मागच्या बाजूच्या बेडवर, फळीवर, बाभळीचा ठोकळा उभा करा. मोटारचा फ्यूज काढा. बॅक गिअर लावा आणि पट्टा हातानं उलटा ओढा, असा की चकचा एक जॉ मागच्या बाजूनं खाली येऊन ठोकळ्यावर आपटेल. दोन-चार झटक्यांत सुटतो. बॅक गिअर आणि थेट जोडणीची पिन दोन्ही एकत्र लावून स्पिंडल जाम करायचा आणि चकला पाइप लावून ओढायचं, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी पाहाल. बिडाच्या गिअरचे दात याच पद्धतीनं तुटलेले असतात. मोटारनं झटका देणं तर नकोच.

उतरवलेला चक टेबलावर तोंड वर करून ठेवा. आता खोलणं. हे क्रमानंच करा:

१. चावी फिरवून जॉ बाहेर काढा. जॉवर आणि त्याच्या खाचेत १, २, ३ असे आकडे असतात, ग्रीसखाली दडलेले. नसतील तर पंचानं एक-दोन-तीन टिंबं मारून घ्या, खाचेजवळही.

२. चावीच्या तीन भोकांपैकी एकाजवळ काही चकांवर वेगळी खूण असते. ते मुख्य पिनियन (चावीनं फिरणारा छोटा गिअर). शेवटी त्यावरूनच आवळायचं, म्हणून लक्षात ठेवा.

३. चक पालथा करा, बॅकप्लेट आणि अंग यांच्यावर एक सलग रेघ ओढा आणि बोल्ट सोडा. बॅकप्लेट निघत नसेल तर बोल्ट दोन-तीन आटे आत ठेवून त्यांच्या डोक्यांवर आळीपाळीनं लाकडी हातोडीनं टपल्या द्या.

४. मागचं झाकण काढलं की पिनियन धरून ठेवणाऱ्या पिना किंवा स्क्रू दिसतात. ते काढा, पिनियन बाहेर सरकवा. मगच स्क्रोल (जॉ आत-बाहेर नेणारी खाचेची चकती) उचला. तो तिरका झाला की अडकतो, म्हणून जॉच्या खाचांतून पितळी दांड्यानं तिन्ही बाजूंनी थोडा थोडा ठोका.

आत जे दिसेल त्याला पाना लावण्याआधी बघत बसण्यासारखं असतं. स्क्रोलच्या गोल गोल आत जाणाऱ्या खाचेच्या तळाशी बिडाचा भुगा तेलात मुरून काळ्या सिमेंटसारखा बसलेला असतो, आणि एखादा पोलादी किसाचा कण नेमका जिथे जॉचा दात टेकतो तिथे दाबून चपटा झालेला असतो. तो कण म्हणजेच तुमचा ०.१ मिमीचा आउट. डिझेल, दात घासायचा ब्रश आणि टोकदार बांबूची काडी घेऊन खाच पूर्ण वळणभर साफ करा. जॉचे दात, जॉच्या बाजूच्या खाचा आणि अंगातले मार्गसुद्धा. उठलेल्या कडा ऑइल स्टोनच्या कोपऱ्यानं उतरवा. स्क्रोलचा एखादा दात तुटलेला असेल आणि तो भाग नेहमीच्या मापाला वापरात येत नसेल, तर चक कामाचा आहे.

जोडताना ग्रीसचा मोह टाळा. स्क्रोलला आणि मार्गांना पातळ तेलाचा हात पुरे, पिनियनच्या बैठकीला नखभर ग्रीस. चक ग्रीसनं भरला की महिनाभरात पुन्हा तेच काळं सिमेंट तयार होतं.

जॉ घालायची पद्धत अशी. चावी फिरवा, स्क्रोलचं बाहेरचं टोक १ नंबरच्या खाचेत डोकावेल तेव्हा जरा मागे घ्या, १ नंबरचा जॉ आत दाबा आणि चावी पुढे फिरवा. टोक २ नंबरच्या खाचेत आलं की दुसरा, मग तिसरा. शेवटी जॉ आत नेऊन तिघं मध्यावर एकाच वेळी भेटतात का पाहा. आकडे पुसले गेले असतील तर तिन्ही जॉ शेजारी शेजारी टोक जुळवून ठेवा. पकडीच्या टोकाला ज्याचा पहिला दात सगळ्यात जवळ तो १, सगळ्यात लांब तो ३.

आता आउटचं मूळ शोधा, आणि ते स्पिंडलपासून बाहेरच्या दिशेनंच शोधा. चक न लावता स्पिंडलच्या बैठकीवर डायल लावा. ०.०१ मिमीच्या आसपास असलं पाहिजे. मग नुसती बॅकप्लेट चढवा, तिच्या आट्यांत आणि खांद्यावर कणही नको. तिचा चेहरा आणि चक बसायची पायरी डायलनं पाहा. इथे आउट आला तर तिथल्या तिथे, त्याच लेथवर, हलकी कट घेऊन ती खरी करा. बॅकप्लेट ज्या लेथवर चालणार त्याच लेथवर टर्न झाली पाहिजे. दुसरीकडून ‘तयार’ आणलेली बॅकप्लेट हे भांडणाचं घर आहे. शेवटी चक लावा, सरळ ग्राउंड रॉड पकडा आणि जॉपासून इंचभर अंतरावर मोजा. ०.०८ मिमीच्या आत असेल तर तीन जॉच्या जुन्या चकला नावं ठेवू नका. अचूक काम असेल तेव्हा चार जॉ आहेच.

रॉड जॉच्या मुळाशी घट्ट आणि तोंडाशी सैल असेल, कागदाची पट्टी तोंडाकडून आत सरकत असेल, तर जॉ घंटेसारखे पसरले आहेत. ते टूल पोस्ट ग्राइंडरनं लेथवरच ग्राइंड करता येतात. त्यासाठी जॉच्या मुळाशी छोटी चकती पकडून ते कामाच्या वेळेसारखे ताणलेले ठेवावे लागतात, नाहीतर सैल स्थितीत केलेलं ग्राइंडिंग आवळल्यावर पुन्हा बिघडतं. चकतीजवळचा न घासलेला भाग नंतर वेगळा उतरवायचा. बेडवर ओलं कापड अंथरा, एमरीची धूळ खाली गेली की बेडची सगळी मेहनत वाया. हे साधन नसेल तर जळगाव एमआयडीसीतल्या किंवा धुळ्याच्या अवधानमधल्या एखाद्या टूल रूमकडून करून घ्या.

सॅडल, लीड स्क्रू आणि बाकीचं

लीड स्क्रूच्या आट्यांतली घाण काढायला जाड सुती दोरा डिझेलमध्ये भिजवा, आट्यात एक वेढा घाला, दोन्ही टोकं हातात धरा आणि दुसऱ्याला स्क्रू हातानं फिरवायला सांगा. दोरा आपोआप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घाण ढकलत नेतो. मोटारवर हे करायचं नाही, दोऱ्याबरोबर बोटं जातात.

क्रॉस स्लाइडच्या हँडलला पाव वळण ढिलाई असेल तर दोष बहुधा नटात. तो गनमेटलचा असतो आणि नवा करता येतो. गिब पट्ट्या धुऊन, सपाटी पाहून, स्लाइड हातानं एकसारखी जड सरकेल इतपत आवळा. टेलस्टॉकच्या टेपरमध्ये चिंधी गुंडाळलेला बोळा फिरवा. आत ओरखडे असतील तर हातानं मोर्स रीमर फक्त उंचवट्यापुरता फिरवा.

काळ्या जमिनीवर लेथ बसवणं

तापीकाठची आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. चार इंची कोब्यावर लेथ ठेवलं तर जमीन हलते तसा बेड पिळवटतो. मुरूम लागेपर्यंत खणा, दगड-मुरूम ठोकून भरा, वर सळई घालून काँक्रीट टाका. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान पावसाळा संपल्यावर आणि मार्च अखेरीला लेथ पुन्हा लेव्हल करावं.

गवंड्याची लेव्हल इथे उपयोगाची नाही. ०.०२ मिमी प्रति मीटरची मशीन लेव्हल कुणाकडून तरी मागून आणा, बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना सारखाच आकडा येईल असं पायाखालचे स्क्रू फिरवा. पत्र्याच्या शेडमध्ये हे काम सकाळी सात-आठच्या आत उरका. मीटरभर बीड एका अंशाला साधारण ०.०१ मिमी वाढतं, आणि दुपारी पत्रा तापला की बेडची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम होते. त्या वेळी लावलेली लेव्हल संध्याकाळी खोटी ठरते.

लेव्हल नंतर कट. ३०-४० मिमीचा रॉड चकमध्ये धरा, १५० मिमी बाहेर, टेलस्टॉक नको. दोन टोकांना दोन कडी उंच ठेवून मधला भाग खोल टर्न करा. मग धारदार टूलनं दोन्ही कड्यांवर एकाच सेटिंगला बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरनं मोजा. बाहेरचं कडं जाड आलं तर टेलस्टॉककडच्या टोकाचा पुढचा, म्हणजे तुमच्या बाजूचा, पाय किंचित उचला. बारीक आलं तर मागचा. फरक ०.०२ मिमीच्या आत आला की स्क्रूंना लॉक नट लावा.

मोटार

जुन्या मोटारचं इन्सुलेशन मेगरनं तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली असेल तर लावू नका, आधी वाळवा किंवा रिवाइंड करा. अर्थिंग वेगळी आणि खरी हवी. गावात थ्री फेज नसेल तर २ एचपीपर्यंत सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारं उपकरण) बसवता येतो. अशा बऱ्याच मोटारी स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्या डेल्टात कराव्या लागतात. नावाची पट्टी वाचून वायरमनकडून करून घ्या. ड्राइव्हमध्ये झटक्यात थांबणं आणि उलटं फिरणं बंद ठेवा. आट्याचा चक उलट्या झटक्यानं सुटून खाली येतो.

चालवताना हातमोजे नकोत, गळ्यातला रुमाल काढून ठेवा. चावी चकमध्ये विसरायची सवय ज्याला आहे त्याला लेथवर उभं करू नका.

रंग आणि तेल

रंग सगळ्यात शेवटी, आणि फार विचार न करता. बिडावर पुटी, प्राइमर, मशिनरी ग्रे इनॅमलचे दोन हात. नावाची पितळी पट्टी आणि तेलाच्या भोकांना आधी टेप लावा. पावसाळी हवेत रंग मारू नका.

तेलासाठी बेडला आणि स्लाइडला ६८ नंबर, बुशवाल्या स्पिंडलला पातळ, ३२ किंवा ४६ नंबर. गाडीतून काढलेलं जळकं तेल फुकट मिळतं म्हणून घालू नका, त्यात धातूचा भुगा असतो. सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येक कपात दोन-तीन थेंब, बेडवर तेलाचा हात, आणि चकच्या जॉवर एखादा थेंब. संध्याकाळी किस ब्रशनं झाडा, हवेच्या पाइपनं उडवू नका. आणि झाकायला प्लास्टिक नको. पावसाळ्यात त्याच्या आत घाम सुटतो, जुनी सुती चादर घ्या.